ब्राह्मणपुरीवरून जाताना

अहमदाबादहून जळगावला येणाऱ्या छोट्या पंख्याच्या विमानात माझ्या शेजारी, खिडकीशी, एक म्हातारी बसली होती. डोक्यावर पदर आणि कपाळ काचेला टेकलेलं. नंदुरबारची वाळत घातलेली मिरची खाली लाल दिसू लागली, तेवढ्यात वैमानिकाने सांगितलं की उजव्या इंजिनाचं तापमान भलतंच वाढलेलं दिसतंय, ते बंद करून आपण थोडे खाली येतोय.

आमच्याच खिडकीबाहेरचा पंखा थांबला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हातारी मात्र काचेतून सावकाश हात हलवत होती.

"आजी, कोणाला हात करताय?"

"आमनी ब्राह्मणपुरी उनी ना. मन्हा घरवाला वावरमा उभा शे. इमान दिसनं का तो असाच हात हलाडस."

त्या उंचीवरून झाडंसुद्धा वेगळी दिसत नव्हती. तिला बोलतं ठेवावं, म्हणजे माझीही भीती कमी होईल, म्हणून मी विचारलं, "शेती अजून तेच बघतात का?"

"नही रे भाऊ. त्याले जाईसन दोन साल व्हई गयात."

एवढं बोलून ती पुन्हा खाली बघून हसली. मला खिडकीकडे बघवेना.

जळगावला सुखरूप उतरलो. सामानाची वाट बघताना कळलं की इंजिनाला काहीच झालं नव्हतं, काटाच चुकीचा आकडा दाखवत होता. मी सुटकेने तिला ते सांगितलं.

तिने नवलाने माझ्याकडे पाहिलं.

"मंग आपले इतलं खाले कोनी आनं?"