एकोणीस चाली

कारखान्यात त्याला सगळे वाफेवाले म्हणत. चौतीस वर्षं त्याने बॉयलर सांभाळला आणि तासातासाला वहीत दाब लिहिला. पाळी संपली की पान संपलं. पुढचं पान पुढच्या माणसाचं. एकदा दुसऱ्याच्या पानावरचा चुकलेला आकडा भल्या मनाने दुरुस्त केला, तर साहेबांनी मेमोच हातात ठेवला. तेव्हापासून आपण बरं नि आपलं पान बरं.

तो निवृत्त झाला आणि वर्षभरात बायकोने अंथरूण धरलं. हातपाय गेले, जीभ मात्र शाबूत. बुद्धिबळ तिच्या माहेरचं. खाटेशी स्टुलावर पट मांडून तिने त्याला खेळायला शिकवलं. पांढरी त्याची, काळी तिची. ती आढ्याकडे बघत चाल सांगायची आणि तिची मोहरी तोच उचलून ठेवायचा. हरायचाही तोच.

"अहो, लिहून ठेवत जा. म्हणजे कुठे माती खाता ते दाखवता येईल."

उभ्या रांगांना ए ते एच, आडव्यांना एक ते आठ. आधी मोहऱ्याचं अक्षर, मग घर. घोडा एफ तीन. प्याद्याचं मात्र नुसतं घर.

"बिचाऱ्याला नावच नाही?"

"तुम्हाला तरी कारखान्यात कोण नावाने ओळखायचं?"

दोघंही हसली होती. आठवड्यात त्याला लिहिणं जमलं. दर चालीला ती विचारायची, "लिहिलंत?" आणि तो म्हणायचा, "लिहिलं."

शेवटच्या डावात एकोणिसाव्या चालीनंतर ती म्हणाली, "चार चालींत तुमचा राजा अडकतोय. शोधा. नाही सापडलं तर उद्या सांगते." तो शोधत बसला. सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली. माणसं आली, स्टूल हलवलं, आणि त्याच्या बहिणीने पसारा म्हणून मोहरी डब्यात भरली.

तो घाबरला नाही. वही होती ना. तिला काय दिसलं होतं, एवढंच त्याला बघायचं होतं. पंधरा दिवसांनी तो वही घेऊन वाचनालयात बुद्धिबळ शिकवणाऱ्या बाईंकडे गेला.

बाईंनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. "काका, या नुसत्या पांढऱ्याच्या चाली आहेत. काळ्याच्या कुठे आहेत?"

"त्या तिच्या होत्या."

"हो, पण लिहिल्या कुठे?"

"ज्याच्या त्याने लिहायच्या ना?"

"काकूंचे हात..." बाई बोलता बोलता थांबल्या. खाटेची हकिकत त्यानेच आल्या आल्या सांगितली होती. "काका, एकाने दोघांच्याही लिहायच्या असतात. नुसत्या एका बाजूवरून डाव परत मांडता येत नाही."

त्याने कपाळाला हात लावला. अक्षर सुरेख होतं, एक खाडाखोड नव्हती. उजवीकडचा रकाना पानोपान कोरा होता.

घरी येऊन त्याने स्टूल खाटेशी ओढलं आणि वहीत बघून पांढरी मोहरी चालवली. सातव्या चालीला उंटाने काहीतरी मारलं होतं. काय मारलं, ते पान सांगेना. आता आठवून काय उपयोग, बैल गेला नि झोपा केला, असं स्वतःलाच म्हणत तरीही तो आठवत बसला. तिचा खोकला आठवला, "लिहिलंत?" आठवलं. तिच्या एकोणीस चाली त्याने स्वतःच्या हाताने खेळल्या होत्या. त्यातली एकही त्याला आठवली नाही.