छातीपर्यंतची खूण

सुपरवायझरनं बुटाचा तळ माझ्या डोक्यावर टेकवला आणि ओरडला, "बस! बराबर झाली खोली."

मी नालीत उभा होतो. पिण्याच्या पाण्याची मोठी लाईन रस्त्याखालून न्यायची होती, म्हणून नाली पुरुषभर खोल. टेप त्याच्या गाडीत होता. पण चिखलात टेप कोण खराब करणार? माझी साडेपाच फूट उंची फुकटची, धुतली की स्वच्छ. डोकं रस्त्याच्या पातळीला आलं, बूट सपाट बसला, की नाली पास.

वर सगळे हसले. मीही हसलो. हे सांगायलाच मला इतकी वर्षं लागली. त्या संध्याकाळी बायकोला तर ऐटीत म्हटलं, साहेबाला माझ्याशिवाय मोजता येत नाही. तिनं माझ्या केसांतली माती झाडली.

नारळ फोडला त्या दिवशी आम्हाला पिवळी हेल्मेटं मिळाली होती. फोटो झाला, परत गोळा केली. माझं डोकं मोठं. हेल्मेट अडकलं, दोघांनी ओढून काढलं. तेव्हाही हसलोच.

बाजूला बोडी होती, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तिचं पाणी झिरपून नालीची भिंत घामेजायची. उपसलेल्या मातीचा ढीग अगदी काठावर. माझा बाप विहिरी खोदायचा. ओली भिंत दिसली की आधी बांबूच्या ताट्या लावायचा, त्यांना आडवे दांडे ठोकायचा, मगच उतरायचा.

एका सकाळी मी सुपरवायझरला म्हटलं, "भिंत वली हाय, भाऊ. माती दूर टाकू द्या. ताट्या लावू. बांबू मी आनतो."

"तुले खोदाले आनलं, शिकवाले नाई. भेव लागून राह्यला त घरी बस, बायकोच्या लुगड्यामागं."

पुन्हा हसू. मी उतरलो. मागून माझा साळा उतरला, सोमा. म्हणाला, "भाऊजी उतरले म्हन्जे काई होत नाई."

जेवणाआधी भिंत सुटली. आवाज धानाचं पोतं टाकावं एवढाच. मी कमरेपर्यंत अडकलो. सोमा दिसेना. फावडं मारलं तर त्यालाच लागलं असतं. हातांनी उकरलं. आधी त्याचा हात सापडला. गरम होता. तोंड सापडेपर्यंत सोमा गेला होता.

चौथ्या दिवशी काम पुन्हा सुरू. तीच नाली. सुपरवायझर काठावर.

"उतर बे, मोजाचं हाय."

"आधी ताट्या लावा. अन् माह्या डोक्यावर आता बूट ठेवाचा नाई."

"दुसरा भेटन मले."

भेटला. माझ्याच उंचीचा, पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा. मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. त्याच्याही घरी चूल होती. ताट्या लागल्या नाहीत.

पुढं त्याच लाईनीवर घरी नळ आला. बायको पाण्याची कोंडी भरते, पण तोटी सोडताना तोंड फिरवते.

आता मी कामावर जाताना बांबूची काठी नेतो. तिच्यावर विळ्यानं केलेली एक खूण, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. काठी नालीत उभी करतो. खूण काठाच्या खाली गेली आणि ताट्या नसल्या, तर मी उतरत नाही. दुसरा उतरत असेल तर त्याच्या आडवा होतो. बहुतेक ठिकाणी दुपारच्या आत हाकलतात. बायको डबा लहानच देते आताशा.

हाकलू दे. ती खूण मी वर सरकवणार नाही.