साहित्यप्रकार: पाककृती

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. वडिलांजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. सभांमध्ये मी तासभर बोलते — लोक म्हणतात, सुजाता खरं बोलायला भीत नाही. आणि आज तुमच्यापुढे लिहायला बसले तर तीन कागद फाडून झाले. तिन्हींची सुरुवात वडिलांपासून होत होती. का? वडील मध्ये आले की मी बरी दिसते, म्हणून.

तरी तेवढं सांगावंच लागेल. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील गिरणीतून सुटले की वस्तीवस्तीत पत्रकं वाटायचे, आणि उरलेल्यांवर मी अक्षरं गिरवायची. 'शब्द जपून वापर पोरी,' ते म्हणायचे, 'एका शब्दानं माणूस उठते, एका शब्दानं बसते.' मी हे अर्धंच शिकले असं मला वाटायचं — उठवण्यापुरतं. नाही. मी पूर्ण शिकले होते.

तेवीस वर्षांची होते. शहराच्या महाल भागातल्या एका लहानशा छापखान्यात मुद्रितं तपासायची. मालक देवरावभाऊ लग्नपत्रिका छापून पोट भरायचे आणि हौसेनं वर्षाकाठी दोन पुस्तकं काढायचे. त्या वर्षी एक माझं होतं, लेखांचं. दुसरं गिरजामावशीचं.

गिरजामावशी नात्यानं माझी कोणी नाही. आमच्याच वस्तीतली, चौथी शिकलेली, कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवणारी. शाळेच्या वह्यांमध्ये तिनं आपल्या लोकांचं खाणं लिहून काढलं होतं — कण्या, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, आतड्यांची वजडी, अंबाडी, आणि उलट्या मडक्यावर भाजायची लांब रोटी. पुस्तकाचं नावही तेच, 'उलट्या मडक्यावर'. सुरुवातीला मी हसले. स्वयंपाकाचं पुस्तक! माझ्या लेखांत क्रांती होती आणि तिच्या पुस्तकात मीठ किती घालायचं ते.

मग मुद्रितं हाती आली. कण्यांच्या पानावर तिनं लिहिलं होतं की, घरात काही नसलं की तिची आई रिकाम्या गंजात पळी फिरवायची — खणखण आवाज शेजारी जावा, आज यांच्याकडे शिजून राहिलं असं वाटावं म्हणून. चार ओळी. नंतर लगेच, 'कण्याले पाणी तिप्पट घ्या.'

मी ते पान किती वेळा वाचलं? माझ्या अख्ख्या पुस्तकात भूक हा शब्द पानोपानी होता. भूक मात्र तिच्या चार ओळींत होती. मला ते तेव्हाच कळलं. कळलं नसतं तर मी एवढी जळले असते का?

दिल्लीच्या एका संस्थेचा राष्ट्रीय ग्रंथ-पुरस्कार होता. नियम असा की प्रत्येक प्रकाशकानं एकच पुस्तक पाठवायचं. देवरावभाऊ दोन दिवस दोन्ही पुस्तकं चाळत होते. तिसऱ्या दिवशी छपाईच्या खिळ्यांच्या पेटीवर कोपर टेकून म्हणाले, "सुजाता, तुह्या पुस्तकात आग हाय वं. पण आगीवर काही शिजाले बी पायजे ना! औंदा गिरजाबाईचं पाठवू."

कंपोझिटर हसला. मीही हसले. ते वाक्य मला आजही पाठ आहे.

माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मीच भरायचा. देवरावभाऊंनी नियमांचा कागद वाचून बजावलं होतं — पाककृती, पाठ्यपुस्तकं आणि मार्गदर्शिका घेणार नाहीत. तेव्हा 'साहित्यप्रकार' या रकान्यात 'आठवणी' असं लिही. त्यात खोटं काही नव्हतं. अर्धं पुस्तक आठवणींचंच होतं. गिरजामावशी समोर स्टुलावर बसली होती, हाताला पीठ तसंच. "त्या चौकटीत काय लिहून राहिली वं?" तिनं कौतुकानं विचारलं.

"पुस्तक कशाचं आहे ते."

आणि मी लिहिलं — पाककृती.

एक शब्द.  शाई वाळेपर्यंत मी फुंकर घातली, पाकीट बंद केलं, आणि स्वतः पोस्टात टाकून आले. परतताना मनात काय म्हणत होते, ठाऊक आहे? 'मी खरं तेच लिहिलं.' स्वयंपाकाच्या पुस्तकाला स्वयंपाकाचं म्हटलं, यात वाईट ते काय? हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं वापरलं. तुम्हाला ते पटत असेल तर पटवून घेऊ नका.

पुस्तक परत आलं. छापखान्याचं टपाल मीच फोडायची. आत चिठ्ठी होती: 'प्रकार: पाककृती. नियमानुसार विचारार्थ घेता येत नाही.' त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी ते वाचलंही नव्हतं. मी चिठ्ठी माझ्या पुस्तकात दडवली आणि दोघांपुढे 'उलट्या मडक्यावर' ठेवलं.

"काहून परत धाडलं?" मावशीनं विचारलं.

इथपर्यंतची मी मत्सरी होते. मत्सरी माणसं पुष्कळ असतात. यापुढचं मात्र — यापुढचं मी ज्या तोंडानं घोषणा दिल्या त्याच तोंडानं बोलले.

"काहून म्हणजे? आपलं खाणं आहे, म्हणून."

कोणी पुरावा मागितला नाही. मागणार कसे? आमच्या लोकांनी असं इतकं सोसलं होतं की आणखी एक अपमान लगेच खरा वाटला. मावशीनं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं, जणू त्याच्यावर कोणी थुंकलं होतं.

आणि मग मी पत्रक लिहिलं! 'आमचं ताट तुम्हाला विटाळतं का?' एका बैठकीत लिहिलं, आणि खरं सांगते, त्याच्याइतकं चांगलं मी पुन्हा लिहिलं नाही. देवरावभाऊंनी ते छापलं. दसऱ्याच्या गर्दीत आम्ही ते वाटलं — मावशी स्वतः खांद्याला पिशवी अडकवून वाटत होती. "घ्या जी, वाचा. आमच्या पोरीनं लिवलं." वडिलांनी एक पत्रक घडी करून खिशात ठेवलं. त्यानंतर मला सभांची बोलावणी येऊ लागली. माझं नाव झालं. ज्या सत्यावर आमची माणसं जगली, त्याच्या आडोशाला मी माझं खोटं बसवलं, आणि टाळ्या घेतल्या.

मावशीनं दुसऱ्या पुस्तकाची वही सुरू केली होती. अकरा पानं झाली होती. मी एकदा विचारलं, पुढचं लिहिलं का? ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली, "कशाले वं? दिल्लीले आपल्या खाण्याचा वास येते."

वहीची कोरी पानं तिनं नातीला चित्रं काढायला देऊन टाकली.

याला आठ वर्षं झाली. देवरावभाऊ आता नाहीत. चिठ्ठी अजून माझ्या त्याच पुस्तकात आहे. ते कोणी उघडत नाही, त्यामुळे तिला धोका नव्हता. हे छापून आल्यावर मावशी वाचेल. तिला वाचता येतं.

अजून मी दर रविवारी तिच्याकडे जेवते. ती पातळ कणीक दोन्ही हातांवर घेते, कोपरांपर्यंत लांबवते आणि तापल्या मडक्यावर अलगद टाकते. खानावळीत नवी मुलं आली असली की माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "हे सुजाता. माह्या पुस्तकासाठी दिल्लीसंगं भांडली."

मी मान खाली घालते. मुलांना वाटतं, लाजली. रोटी गरम असते. मी तोडते आणि खाते.