गाईचे ढेकर मोजताना

जनावरांचे डॉक्टर चारचौघांत बसले की किस्से निघतातच. त्यात आमचं काम गाईंचे ढेकर मोजायचं, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. गाय रवंथ करताना मिथेन सोडते आणि त्यानं हवा तापते. कमी मिथेन सोडणाऱ्या गाई शोधायच्या आणि त्यांचे गोऱ्हे वळू म्हणून वाढवायचे, हा आमचा प्रकल्प. टीम दोघांची, मी आणि वाघ सर. सर हसले तर बातमी व्हावी असा माणूस.

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या काकूंना मी हे काम नीट समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या आईला म्हणाल्या, "एवढं शिकवलंत हो हिला!"

पिंपळगावला एका द्राक्षवाल्याच्या गोठ्यात मशीन लावलं, तर आकडे काही जुळेनात. गाईच्या तोंडाला हिंगाचा वास! डॉक्टर गॅस तपासायला येणार म्हणून घरच्या आजींनी तिला सकाळीच हिंग-ओवा चारला होता. नातवाला लगेच गुण येतो म्हणाल्या. सरांनी ती तपासणी रद्द केली आणि निघताना चिमूटभर ओवा स्वतःसाठी मागून घेतला.

सटाण्याकडे कोणीतरी उठवलं होतं, जास्त गॅसवाली गाय सरकार घेऊन जातं. एकानं घाबरून आपली गाय शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधली. नेमका तो शेजारीही आमच्या यादीत! गाय लपवणारा हा गृहस्थही आमच्यासोबत तिथे आला. ही गाय कोणाची, असं सरांनी विचारलं.

"माले काय माहीत," तो म्हणाला. गाय तेव्हा त्याचा हात चाटत होती.

सुरगाण्याकडच्या हिराबाईंचं मात्र मला हसत सांगता येत नाही.

त्यांची डांगी जातीची गाय पवळी. आधीच्या तपासण्यांत तिचे आकडे चांगले आले होते, शेवटची तेवढी राहिली होती. ती जमली तर तिचा गोऱ्हा आमच्याकडे वळू होणार. नाही जमली तर व्यापारी नेणार, कारण एकट्या बाईला तो पोसणं शक्य नव्हतं. हिराबाईंचा नवरा नुकताच वारला होता.

मशीनवर आकडा आला, आमच्या सगळ्या गाईंत सर्वांत कमी. मला इतका आनंद झाला! सर मात्र गव्हाणीकडे बघत होते. चारा तसाच पडला होता.

मालक गेल्यापासून ती तोंडच लावत नाही, हिराबाईंनी सांगितलं. चारा तेच घालायचे.

सरांनी मशीन बंद केलं. उपाशी गाय मिथेन कमीच सोडते, तिचा आकडा धरता येत नाही. मी हळूच म्हटलं, घ्या ना सर, गोऱ्हा तरी वाचेल.

"त्याची वासरं गावोगाव जातील," सर म्हणाले. "हा खोटा आकडाही त्यांच्याबरोबर जाईल."

मला रडू आलं. हिराबाई सगळं ऐकत होत्या. गाय नीट खायला लागली की आकडा चढू शकतो, हे आम्हीच त्यांना मागे सांगितलं होतं.

त्या घरात गेल्या आणि नवऱ्याची घोंगडी डोक्यावरून घेऊन बाहेर आल्या. मूठभर गवत पवळीपुढे धरलं आणि तोंडानं तो घालायचा तशी हाळी घातली. पवळी बराच वेळ घोंगडी हुंगत राहिली. मग तिनं गवताला तोंड लावलं.

"पोटभर खाऊ द्या तिला," हिराबाई म्हणाल्या. "मंग मोजा. यील तो आकडा यील."