वसूचे पक्षी

रोहनचा फोन आला तेव्हा मी कौन्सिलची कचऱ्याची हिरवी बिन फुटपाथवर ओढत नेत होते. मंगळवारी सकाळी नॉटिंगहॅमहून त्याचा फोन कधी येत नाही, म्हणून तिथेच थांबले. "मावशी, आई गेली. झोपेतच," एवढं तो मराठीत म्हणाला, आणि पुढचं सगळं इंग्रजीत. मी बिन नीट कडेला लावली, शेजारणीला गुड मॉर्निंग म्हटलं आणि आत येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. कुमुद गेली, असं एकदा मोठ्यानं म्हणून पाहावंसं वाटलं. पण ते मराठीत ऐकणारं माणूस म्हणजे तीच होती... 

कुमुद आणि मी मिरजेला एका वर्गात आणि हॉस्टेलच्या एका खोलीत होतो. इंग्लंडला आलोही पाठोपाठच. मी ब्रिस्टलला भूलतज्ज्ञ झाले, ती खाडीवरचा मोठा पूल ओलांडून वेल्समध्ये, खाणी बंद पडलेल्या एका दरीतल्या गावात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून गेली. "पाच वर्षं काढते आणि परत जाते," असं म्हणाली होती. पाच वर्षांत तिला त्या गावातल्या प्रत्येकाचं ब्लडप्रेशर आणि भांडण पाठ झालं, मग कसली जाते! नवरा गेला, रोहन शिकायला बाहेर पडला, तरी ती हलली नाही. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात एका पेशंटनं विचारलं, शनिवारी रग्बीच्या मॅचला क्लबला डॉक्टर हवाय, याल का? आयुष्यात खोखोसुद्धा धड न खेळलेली ही बाई पिवळं जाकीट घालून मैदानाच्या कडेला उभी राहिली ती रिटायर होईपर्यंत, आणि त्यानंतरही. उंची पुरती पाच फूट नाही. समोर रेड्यासारखे आडदांड गडी. पण ती "खाली बस, बाख," असं म्हणाली की रक्ताळलेल्या नाकानिशी मुकाट चिखलात बसायचे. 'बाख' हा तिथला लाडाचा शब्द, आपल्या 'बाळा'सारखा. मॅचनंतर क्लबात ती वेल्श केक घेऊन जायची. पोळ्यांच्या तव्यावर भाजलेले, वेलदोड्याची पूड घातलेले. हल्ली तिथली मंडळी हीच मूळ रेसिपी आहे असं पाहुण्यांना ठणकावून सांगतात.

दुसरं वेड पक्ष्यांचं. मैदानाच्या एका टोकाला जुनी दगडाची खाण आहे आणि तिच्यावर लाल घारी फिरतात. एके काळी त्या वेल्समधून जवळजवळ गेल्याच होत्या, असं ती इतक्या अभिमानानं सांगायची की जणू हिनंच त्यांना औषध देऊन बरं केलं. गळ्यात दुर्बीण कायम. एका शनिवारी ती खाणीकडे बघत असताना मैदानात एक पोरगा डोक्यावर आपटला आणि हिच्या ते अर्धं मिनिट लक्षातच आलं नाही. पोराला काही झालं नाही, तो उठून पुन्हा खेळायला निघाला होता. पण कुमुदला ते फार लागलं. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा तिनं दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. "मॅच संपेपर्यंत पक्षी तू बघ. मी फक्त मुलांकडे बघणार." मला चिमणी आणि कावळा सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. "शिकशील, वसू," ती म्हणाली.

मी शिकले नाही. आज लिहायला लाज वाटते, पण मी बघितलंसुद्धा नाही. वीस वर्षं, एक शनिवार आड, मी पूल ओलांडून तिच्याकडे जात होते. थंडी मला सोसत नाही. खेळ सुरू झाला की मी खाणीच्या बाजूला लावलेल्या गाडीत शिरायची, हीटर लावायची आणि जुना दिवाळी अंक उघडायची. शेवटची शिटी झाली की ती चिखलातून तरातरा यायची आणि काच ठोकायची. "काय काय आलं?" मी दुर्बीण हातात घेऊन सांगायची, दोन घारी. एक डोमकावळा. कधी तीन घारी, उगाच एकसारखं वाटू नये म्हणून. ती तिथेच बॉनेटवर वही ठेवून लिहून घ्यायची. एकदा तर कहर झाला. भर जानेवारीत मी पाकोळी सांगितली. पाकोळ्या तिथे थंडीत नसतात, दूर दक्षिणेला गेलेल्या असतात, हे मला पुढे कधीतरी टीव्हीवर कळलं तेव्हा घरात एकटी असूनही मी कानकोंडी झाले. पण त्या दिवशी कुमुदचं पेन क्षणभर थांबलं आणि मग चालू लागलं. "अरे वा," एवढंच म्हणाली.

गेल्या नोव्हेंबरपासून माझा गुडघा धरला. गुडघा हे निमित्त, खरं म्हणजे कंटाळा आला होता. "थंडी ओसरली की येते गं," असं मी फोनवर म्हणायची. "ये सावकाश. घारी कुठे पळून जातायत," ती म्हणायची. फेब्रुवारीत ती गेली... मला थंडीतच जावं लागलं. चॅपलमध्ये बसायला जागा नव्हती. शवपेटी क्लबच्या सहा जणांनी खांद्यावर घेतली, त्यातल्या दोघांचे कान तिनं शिवलेले. मग सगळं गाव गायला लागलं. आपल्यासारखं एका सुरात नाही, चार वेगवेगळ्या आवाजांत, कागद न बघता. मला त्यातला एक शब्द येत नव्हता. माझी मैत्रीण त्यांची किती होती हे मला तिथे कळलं, आणि मी तिची कोण, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी रोहन वह्यांचं खोकं घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, हे आईचा सगळा वह्या. तिकडचा बर्ड ग्रुपला रेकॉर्ड्स पाहिजे, ते डेटाबेसमध्ये घालणार. पण सगळं मराठीत आहे, आय कान्ट रीड इट. तुम्ही वाचा, मी टाइप करतो, ओके?" एका बाईनं इतकी वर्षं प्रामाणिकपणे लिहिलेल्या नोंदी, आणि त्यांत एक शनिवार आड माझ्या थापा. त्या आता तिच्या नावावर कायमच्या बसणार. रोहनला चहा दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, गाडी, हीटर, पाकोळी. त्यानं कप खाली ठेवला. "सो, यू नेव्हर लुक्ड?" "नाही रे." "आईला माहीत होतं?" मी खोकं पुढ्यात ओढलं.

वही उघडली. शनिवारच्या नोंदी होत्या, पण सगळ्या सकाळच्या, मॅचच्या आधीच्या. वेळ, वारा, किती घारी, कुठल्या दिशेला. माझा एकही पक्षी नाही. वही उलटी केली तेव्हा मागच्या बाजूनं वेगळी पानं सुरू झालेली दिसली. वर तिच्या गोल अक्षरात मथळा होता, 'वसूचे पक्षी'. सगळं तिथे होतं. दोन घारी, एक डोमकावळा. तीन घारी. जुनी वही शोधून तो जानेवारी काढला. 'पाकोळी! असू दे. वसू आली होती.' रोहननं विचारलं, "काय लिहिलंय?" मी ती वही मिटली. मग शेवटची वही घेतली. नोव्हेंबरपासून पुढे मागच्या पानावर फक्त तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे दोनच शब्द. 'वसू नाही.' 'वसू नाही.' 'वसू नाही.' आठ वेळा. गुडघ्याच्या नावाखाली घरी बसलेले माझे आठ शनिवार.

रोहननं पुढच्या बाजूच्या नोंदी टाइप करून नेल्या. शेवटची वही आणि दुर्बीण त्यानं माझ्याकडे ठेवली. "हे तुमचा आहे, मावशी."

परवा क्लबची घरच्या मैदानावर मॅच होती. गेले. कपडे आणि बॉल सांभाळणारा म्हातारा ग्विन गेटवर होता. मला बघून त्यानं टोपी काढली, थोडं घुटमळला आणि म्हणाला, "बर्ड्स आज तुझ्याकडेच ना, वॅस?" 'वसू' त्याला कधी नीट म्हणता आलं नाही. मी हो म्हटलं. गाडीत बसले नाही. कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, ती उभी राहायची तिथे उभी राहिले, बोटं बधिर होईपर्यंत. घारी दिसल्या, एक नाही, चक्क चार. आणि उत्तरार्धात खाणीच्या भिंतीवर एक छोटा पक्षी येऊन बसला. राखाडी पाठ, डोळ्यावरून काळी पट्टी, उडाला तेव्हा शेपटीपाशी लख्ख पांढरं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक पक्षी खरोखर पाहिला आणि तो कोणता, ते मला कळेना. शेवटची शिटी झाली. मी सवयीनं मान वळवली. मुलं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत क्लबकडे चालली होती. काय काय आलं, असं विचारायला कुणी आलं नाही.

मग गाडीशी गेले, बॉनेटवर वही ठेवली आणि मागच्या पानावर तिच्या त्या आठ ओळींखाली तारीख घातली. चार घारी. एक पक्षी, नाव माहीत नाही, पण खरंच आला होता. वर्णन जमेल तसं लिहिलं. आणि त्याखाली दोन शब्द.

कुमुद नाही.