वहिनीच्या पोटाची मोजणी

आमच्या पूर्ण्याच्या ग्रामसभेत पाण्यावर जेवढी चर्चा झाली नसेल ना, तेवढी आमच्या घरात वहिनीच्या पोटावर झालीये! आणि रोज काहीतरी नवीन निघतं. मी मैत्रिणींना एक किस्सा सांगत असते, तो संपायच्या आत घरून फोन, "रोशे, लवकर ये, बघ काय झालंय!" आता एवढे साचलेत की बोर्डानं हाच विषय ठेवला असता तर मी फर्स्ट क्लास आले असते. माझे दहावीचे दोन विषय राहिलेत. ते तिथे आहेत, मी इथे आहे, कुणाचं काय अडलंय?

तर दर्शना वहिनी म्हणजे माझ्या नितेश दादाची बायको. तिला जुळी झाली, चिनू आणि मनू. पोटात दोघं होते तेव्हा दारातून आधी पोट आत यायचं, वहिनी मागून यायची. मग पोरं बाहेर आली, वजन आतच राहिलं. मग वहिनीचं डोकं सटकलं. तिनं जिम लावली आणि भात सोडला. आगरी घरात भात सोडला! आईला वाटलं, हिच्यावर कुणीतरी करणी केली.

पण वजन उतरलं. तोंड बारीक, हात बारीक, एकदम हिरोईन! फक्त पोटाची कातडी जागची हलली नाय. भाडेकरू रूम खाली करून गेला आणि पडदे तसेच लटकतायत, असं ते पोट.

*

आमची आई रोज तांदळाच्या भाकऱ्या थापते आणि पोरं शेजारी बसून बघतात. एकदा दुपारी वहिनी पंख्याखाली लादीवर झोपली होती, टी-शर्ट जरा वर सरकलेला. चिनू आला. त्यानं दोन्ही हातात पोटाची कातडी धरली आणि मळायला लागला. मस्त, तळहाताने दाबून दाबून, अगदी आईसारखं! मनू वरून थापतोय, थप थप थप. मध्येच उठून हात पाण्यात बुडवून पण आला.

वहिनी गाढ झोपेत. मी उठवलं? छे! मी व्हिडिओ काढला.

शेवटी मनूनं किचनकडे तोंड करून हाक मारली, "आजी, तवा ठेव! पीठ झालं!"

वहिनी जागी झाली, हसली पण. पण मग तिनं टी-शर्ट खाली ओढला आणि जेवायला बसली तरी एका हातानं धरूनच ठेवला.

*

मग वहिनीनं मोबाइलमध्ये बघितलं की पोटाला प्लास्टिक गुंडाळलं की घाम येऊन कातडी टाइट होते. मला म्हणाली, "रोशे, दुकानातून डबे झाकायचं प्लास्टिक आण गं."

मी म्हटलं, "त्यानं काय होणारे? थांब, इंडस्ट्रियल आणते!"

दादा वडप्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. तिथे खोके एकावर एक रचून त्यांना चारी बाजूंनी प्लास्टिक मारतात, म्हणजे टेम्पोत माल हलत नाय. त्याचा एक रोल घरी पडला होता. मी वहिनीला मध्ये उभं केलं आणि तिच्याभोवती गोल गोल फिरून असली पॅक केली, असली पॅक केली की वडप्याहून थेट गुवाहाटीला पाठवली असती तरी फुटली नसती! वर तिनं गाऊन घातला. आणि गाऊनच्या पाठीवर मी गपचूप स्टिकर मारला. काचेच्या ग्लासाचं चित्र, वर जाणारे दोन बाण आणि खाली 'फ्रजाइल'.

वहिनी तशीच नाक्यावर दूध आणायला गेली. तिथे कंटेनरची ही लाइन! एक यूपीचा ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. त्यानं स्टिकर बघितला, बाण बघितले, बाण वरच्याच दिशेला आहेत ना ते वाकून चेक केलं, आणि एकदम अदबीनं विचारलं, "भाभीजी, ये माल कहाँ उतरेगा?"

घरी आल्यावर वहिनी लाटणं घेऊन माझ्या मागे. पण मला काय टेन्शन? पॅक केलेला माल कधी पळतो का!

*

जिमवाल्या शबाना मॅडमनी शेवटी हात टेकले. "दर्शना, चर्बी होती तो मैं उतार देती। ये चमड़ी है। ये मेरे बस का नहीं।" आणि त्यांनीच ठाण्याच्या एका डॉक्टरचा पत्ता दिला.

आम्ही दोघी घरात 'दात दाखवायला चाललो' सांगून निघालो. डॉक्टर अगदी तरुण, चष्मेवाला. त्यानं सगळं नीट समजावलं. जास्तीची कातडी कापायची, आतले फाकलेले स्नायू शिवायचे. व्रण राहणार, पण खाली, कपड्यात झाकला जाईल असा. मग म्हणाला, "अजून मूल हवंय का? कारण मग आत्ता करण्यात अर्थ नाही."

"नाही!" वहिनी एवढ्या जोरात ओरडली की बाहेर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

"आणि दीड महिना काही जड उचलायचं नाही. पोरांना तर अजिबात नाही. घरी सांभाळायला कोण आहे?"

इथे गाडी अडली. कारण घरी फक्त आई आहे. (मी पण आहे, पण माझ्या ताब्यात पोरं द्यायला सगळे घाबरतात. का कुणास ठाऊक!)

डॉक्टरनी कुठून कुठे कापणार ते पोटावर मार्करने आखून दाखवलं. आडवी रेघ, उभी रेघ, दोन गोल. ते काय साबणानं जाईना.

आता आमचं दुःख ऐका. अंजूरला आमची जमीन आहे आणि मागच्या मोजणीत बाजूवाल्याचा बांध हातभर आमच्यात सरकलाय. तेव्हापासून कुठेही रेघ दिसली की आमच्या घरात बीपी वाढतो. संध्याकाळी वहिनी माळ्यावरचा डबा काढायला हात वर करून उभी राहिली, टी-शर्ट वर गेला, आणि समोर दादा!

"ए! ही मोजणी कुणी केली? रोड कुठून काढलाय?"

आई किचनमधून उलथनं घेऊन धावत आली, "कोनाचा बांध सरकला?"

झालं! दाताचा दवाखाना उघडा पडला.

*

मग मिटिंग बसली. आईचं म्हणणं, "पोट हाय ती पोरांची निशानी गो. मना बघ, मी गेली का कापाला?"

आता खरं सांगू? आईचं पोट आम्ही कुणी बघितलेलंच नाय. ती पदर असा खोचते की बँकेचा लॉकर परवडला. गरमीनं आम्ही मरतो, ही पंख्याखाली पण पदर सैल करत नाय.

दादा म्हणाला, "दर्शू, हे नॅचरल असतं. आपलं शरीर जसं आहे तसं ॲक्सेप्ट करायचं." हे तो बनियनवर बसून सांगत होता आणि चहाची बशी त्यानं ठेवली होती कुठे? स्वतःच्या पोटावर! हात सोडून! बशी हलत पण नव्हती.

मी गपचूप उठले, शिलाई मशीनमधली टेप आणली. आधी वहिनीला लावली, मग दादाला लावली. "दादा जास्त!"

वहिनीनं शांतपणे विचारलं, "म्हणजे जुळी नक्की कुणाला झाली?"

दादा बशी घेऊन बाहेर गेला, मिटिंग संपली. पण उठता उठता आईनं निकाल देऊन टाकला. "मी पोरा सांभालनार न्हाय. मंग बघू कसा करतेस." म्हणजे ऑपरेशन कॅन्सल. कारण आई नाय तर काहीच नाय.

*

त्यात वहिनीच्या भावाची हळद आली, अंजूरला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी! मॅचिंग साड्या, डीजे, अख्खा गाव. आणि वहिनी एकुलती एक बहीण, म्हणजे पहिली हळद तिची.

तिनं पोट आवळायचं एक टाइट कापड मागवलं. इलॅस्टिकचं, वरपासून खालपर्यंत. ते घालताना मी एका बाजूनं ओढत होते, शबाना मॅडम दुसऱ्या बाजूनं. रस्सीखेच! शेवटी वहिनी आत गेली. साडी नेसली. काय दिसत होती! पोट गायब! फक्त श्वास पण गायब होता.

आता हळद लावायची पायापासून. नवरदेव भाऊ पाटावर बसलेला. वहिनी हळदीची वाटी घेऊन समोर उभी. वाकायला गेली. वाकेना! बसायला गेली. बसेना! नुसती इस्त्रीच्या टेबलासारखी सरळ. डीजेवाल्यानं गाणं थांबवलं, सगळ्या बायका बघतायत. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, काय झालं?"

वहिनी दात न उघडता म्हणाली, "तू वर ये."

"कुठं वर?"

"खुर्चीवर उभा राहा!"

सगळ्या गावात नवरा पाटावर बसतो. आमचा नवरा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहिला, पाय पुढे करून, आणि खाली दोन मित्र खुर्ची धरून! फोटोवाला म्हणाला, "सर, थोडं स्माइल."

मी हसून हसून मंडपाचा खांब धरला. मग बघते तर वहिनी नाय. आत गेले तर खोलीत ती ते कापड अर्धं काढून बसलेली. काजळ गालावर आलं होतं.

म्हटलं, "वहिनी, सॉरी. मी तुला बघून नाय हसत होते, खुर्चीला हसत होते."

ती म्हणाली, "रोशे, मला कुणाला दाखवायचं नाय गं. पोरं झाल्यापासून मी नाचले नाय. बाहेर माझ्या भावाची हळद चाललीये आणि मी इथे पोट लपवत बसलेय. आरशासमोर मी अजून तोंड फिरवून कपडे बदलते. मला फक्त माझं अंग परत पाहिजे."

मला एक पण जोक सुचला नाय. शप्पथ! मागे वळले तर दारात आई उभी. किती वेळ उभी होती काय माहीत. ती एवढंच म्हणाली, "जेवून घे." आणि पदर आणखी घट्ट खोचून निघून गेली.

*

त्यानंतर घरात तो विषयच बंद. आणि एक दिवस आई चपला घालून तयार! "चला. त्या डाक्टरला मना इचारायचा हाय."

दादा, वहिनी, मी आणि आई, चौघं रिक्षात कोंबून ठाण्याला गेलो. पोरं शबाना मॅडमकडे. वहिनी रस्ताभर माझा हात दाबत होती. "आज आई त्याला धुणार बघ. आज सगळं संपणार."

आणि आईनं धुतलाच! "डाक्टर, तू कितवी शिकलास? टाका उसवला त? शुद्धीवर येल ना पोर? कापलेला कातडा कुठं टाकतस?"

डॉक्टरनी एकेक उत्तर दिलं. मग कपाळाचा घाम पुसून म्हणाला, "काकू, ऑपरेशन होऊन जाईल. पण त्यानंतर यांना घरात आधार लागेल. तुम्ही नको म्हणत असाल, तर मी पण सांगेन, करू नका."

सगळे आईकडे बघायला लागले. वहिनी खाली लादीकडे.

आई दादाला म्हणाली, "तू भायेर जा."

"मी कशाला?"

"जा सांगतंय ना! रोशे, तू पन."

दादा गेला. मी तिथल्याच तपासणीच्या पडद्यामागे गेले. म्हणजे बाहेरच ना!

आईनं उठून दाराला कडी लावली. कडी लागली का ते परत एकदा बघितलं. मग खोचलेला पदर सोडला आणि डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "यो बघ. नितेस झाला तवापासून हाय. मंग पडद्यामागं हाय ती झाली, तवा अजून लोंबला. यो पन जाल काय?"

डॉक्टरचा चष्मा खाली आला. वहिनीचं तोंड उघडं ते उघडंच.

"जाईल," डॉक्टर म्हणाला. "तपासण्या करून बघू. पण काकू, दोघींचं केलं तर घरी दोघींना आणि पोरांना सांभाळणार कोण?"

आईनं दाराकडे बोट केलं. "भायेर बसलाय त्यो. त्याचा कायच कापलेला न्हाय!"

डॉक्टरनी मार्करचं टोपण काढलं.

आईनं श्वास आत ओढला, डोळे मिटले आणि वहिनीचा हात घट्ट धरला. "रेघ सरल मार रे बाबा. मागच्या खेपेला आमचा बांध सरकला होता."