जुबेदाआपांना वरचं ऐकू येतं

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, क्रांती चौकाजवळ. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी साधा मलेरियासुद्धा मानत नाही, मग अंगात येणं, भास होणं वगैरे तर लांबच राहिलं. असे अनुभव मी डबा खाताना करमणूक म्हणून वाचायचे. आज स्वतःच लिहायला बसलेय, याचं मलाच हसू येतंय... पण लिहिते.

कौसाबाई ही माझी मावशी. पैठणकडच्या एका खेड्यातलं धनगराचं घर. आयुष्य मेंढरांमागं रानात गेलं. ओढ्यापलीकडून हाक मारली तरी कुत्री वळायची, असा आवाज. गेल्या वर्षी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा संतोष पुण्याला, नवराबायको दोघं नोकरीला. त्यानं चौकशी करून तिला हर्सूलच्या पुढं एका खाजगी केअर सेंटरमध्ये ठेवलं. नाव लिहीत नाही. जागा स्वच्छ, फरशी चकचकीत, दारात मोगरा.

तरी मला तिथं कायम काहीतरी खटकायचं. भेट फक्त रविवारी संध्याकाळी. वरच्या मजल्यावर मावशीजवळ बसलं की एक आया शेजारी उभीच. मावशी दर वेळी अर्धवट झोपेत, मान कललेली, डोळे लागलेले. विचारलं की इन्चार्ज मॅडम गोड हसायच्या. "वय झालंय ना ताई. शांत आहेत, हे चांगलंच की."

खाली व्हरांड्यात जुबेदाआपा बसायच्या. उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, गुडघे असे की वॉकर घेऊन जेमतेम बाथरूमपर्यंत. एका रविवारी मी चपला घालत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "कौसाबाई की भांजी ना तुम? बेटा, उनके हाथ बांधते यहां. दोपहर में, खाने के बाद. वो बोलरे थे."

"कोण बोलत होतं?"

"कौसाबाई. और कौन?"

अंगावर काटा वगैरे आला नाही. रागच आला. जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती हिला सांगणार? मी आत जाऊन मॅडमना एवढंच म्हटलं, "आपा काहीतरी सांगत होत्या..." पुढचं बोललेच नाही, तरी मॅडमचा चेहरा बदलला. मग त्यांनी कानाजवळ बोट गोल फिरवलं. "त्यांचं मनावर घेऊ नका. आपल्याकडे लिफ्ट नाही, त्या कधी वर गेलेल्याच नाहीत. आणि तुमच्या मावशी कधी खाली आलेल्या नाहीत."

घरी जाताना डोक्यात भुंगा सुरू. आपांना कुणीतरी आया सांगत असणार. किंवा म्हातारीला वेळ जात नाही म्हणून ती रचून सांगते. पण मग मॅडम का दचकल्या?

पुढच्या रविवारी मी एक युक्ती केली. आया पाण्याची बाटली आणायला बाजूला झाली, तेवढ्यात मावशीच्या कानाला लागले आणि धडधडीत खोटं सांगितलं. "मावशे, म्या घरी एक काळी पाट आणलीय बकरीची. गॅलरीत बांधलीय." मावशीचे डोळे मिटलेलेच. तोंडाचा डावा कोपरा जरासा हलला, किंवा मला तसं वाटलं. मी तडक उठले, जिना उतरले, कुणाशी बोलले नाही. खाली आले तर जुबेदाआपा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"झूठ कायकू बोली उनकू? फ्लैट में बकरी बांधते क्या कोई? कबसे हंसरे वो."

मी वळून जिन्याकडे पाहिलं, माझ्यामागून कुणीच उतरलं नव्हतं.

तरीही माझं मन मानेना. कुठं मायक्रोफोन, कुठं खिडकीतून आवाज... मी व्हरांड्याच्या वर पाहिलं. मावशीची खोली मागच्या बाजूला होती. आणि मी तर कुजबुजले होते.

मंगळवारी हाफ डे टाकला आणि जेवणाच्या वेळेनंतर गेले. गेटवर अडवलं. मॅडम धावत आल्या. "रविवारशिवाय अलाउड नाही, बाकी पेशंटना त्रास होतो." मी म्हटलं, मला भेटू देत नाही हे तुम्ही माझ्या फोनवर, कॅमेऱ्यासमोर सांगा. त्या बाजूला झाल्या. मी वर गेले.

मावशीचा डावा हात, तिचा चालणारा एकुलता एक हात, ओढणीच्या पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधला होता. मनगटावर वळ. रविवारची गुंगी नव्हती; ती टक्क जागी होती, आणि माझ्याकडे बघत होती.

"लघवीची नळी ओढतात हो त्या. सेफ्टीसाठी करावं लागतं," मॅडम मागून म्हणाल्या.

"कुणाला विचारून?"

"मुलानं ॲडमिट करतानाच सगळं आमच्यावर सोडलंय."

गाठ सुटेना, आयाकडून कात्री मागून पट्टी कापली आणि संतोषला व्हिडिओ कॉल लावला. त्याला वळ दाखवले. त्याचा चेहरा पडला. "ताई, मला वाटलं नर्स आहेत, तिथं बरं पडेल तिला..."

"तिला विचारलं होतंस का?"

"तिला बोलता कुठं येतं?"

मी म्हटलं, मी नेते माझ्या घरी. तो हो म्हणाला. खाली येऊन मी जुबेदाआपांना सांगितलं, आभार मानले. वाटलं, खूश होतील. त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "तुमने भी नहीं पूछा ना? तेरे घर नक्को बोलरे वो. अपने गांव जाना बोलरे."

मी परत वर गेले. मावशीचा मोकळा हात हातात धरला. "मावशे, माझ्याकडं येतीस?" हात तसाच पडून. "गावाकडं जायचंय?" तिनं माझी बोटं अशी दाबली की अंगठी रुतली.

गावाकडं तिची जाऊ आहे. संतोषनं महिनाभराची रजा टाकली, तिला सांभाळायला बाईमाणूस शोधलं, आणि आम्ही तिला न्यायला गेलो. खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून खाली आणली. व्हरांड्यात खुर्ची थांबवली. जुबेदाआपांनी हात पुढं केला, मावशीचा चेहरा बोटांनी चाचपला. कपाळावरचं गोंदण, नाक, वाकडे झालेले ओठ.

"अच्छा, ऐसे दिखते तुम," त्या म्हणाल्या. मावशी रडत होती.

एकमेकींना त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. हे मी तिथल्या प्रत्येक आयाला वेगवेगळं गाठून विचारलंय.

तक्रार केली. सरकारी ऑफिसातून साहेब लोक येऊन तपासून गेले. आता तिथं हात बांधत नाहीत, निदान दिसत तरी नाही, आणि भेटायला रोज जाता येतं. मी अधूनमधून जुबेदाआपांकडे जाते. त्यांचा एक पुतण्या आहे, त्याच्याकडे राहायला जा म्हटलं तर "मेरा फैसला है, मैं यहीं ठीक हूं" म्हणतात. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "ऊपर कोनेवाले बाबा के घरवालों को पहचानते क्या तुम?"

"नाही. का?"

"दिगंबर नाम है उनका. सब बाबा, बाबा बोलते. वो बोलरे, एक बार कोई नाम से बुलाओ."

मी इन्चार्ज मॅडमकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. वर गेले. कोपऱ्यातले आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आया म्हणाली, "ते कुणालाच ओळखत नाहीत, ताई."

मी वाकून म्हटलं, "दिगंबरराव?"

त्यांनी हळूहळू मान वळवली. डोळे उघडले, माझ्यावर थांबले. ओठ हलले, आवाज काही आला नाही.

आणि खालून, व्हरांड्यातून, जुबेदाआपा ओरडल्या, "हौ, हौ, वोही!"

मला याचं कारण ठाऊक नाही. लॅबमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही उलगडत असेल तर सांगा... मी मात्र आता तिथं गेले की आधी व्हरांड्यात बसते.